भरवशाच्या म्हशीला

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे प्रत्येकजण तो निराळ्या टोकाने उघडतो. हे राशिभविष्याचे पान काढतात आणि ‘आपला काही विश्वास नाही बुवा’ असे म्हणत बाराव्या राशीपर्यंत वाचतात. सूनबाई पाककृतींकडे वळते. मी मात्र आधी जाहिराती पाहते. त्यात लाजण्यासारखे काय आहे? काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या वाङ्मयीन फराळाची प्रथा पाडली. आज असा अंक तुमच्या-माझ्या खिशाला परवडतो तो बऱ्याच अंशी जाहिरातदारांच्या जिवावर, हे संपादकसुद्धा नाकारणार नाहीत.

शिवाय या जाहिरातींचा एक गुण मला मनापासून आवडतो. त्या जाहिराती म्हणूनच येतात. स्वतःभोवती चौकट आखून घेतात आणि आपल्या पानावर मुकाट्याने बसतात. कथेची नायिका ऐन विरहात थांबून ‘अश्रू पुसायला मी अमुकच रुमाल वापरते, तुम्हीही मागवा’ असे सांगत नाही.

मोबाइलवर हल्ली नेमके तेच होते. एखादी चुणचुणीत मुलगी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून आईच्या आजारपणाविषयी बोलत असते. आपण डोळ्यांना पदर लावतो, आणि तिसऱ्या मिनिटाला तिच्या हातात कुठलेसे काढ्याचे डबडे येते. ते डबडे तिने विकत आणले, की कंपनीने पैसे देऊन तिच्या हाती ठेवले, हे कोणी सांगायचे?

नामांकित माणसांनी मालाची भलामण करणे मुळीच नवे नाही. रवींद्रनाथ ठाकुरांचे शिफारसपत्र गोदरेजच्या स्वदेशी साबणाच्या जाहिरातीत झळकले होते. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. त्यापूर्वी लक्सच्या चित्रांत परदेशी तारका असत. लीलाबाई बी.ए. झालेल्या, मराठी रंगभूमीवरून आलेल्या, आणि ‘कंगन’ व ‘बंधन’ या चित्रपटांमुळे घरोघर ठाऊक झालेल्या. आमच्या आजोळी ती जाहिरात कोणीतरी कापून ठेवली होती म्हणतात. नटी ज्या साबणाने अंग धुते तो आपल्या न्हाणीघरात नको, असे आजोबांचे मत होते. आजीने साबण आणला आणि वरचा कागद काढून ठेवला. आजोबा त्याच वडीने वर्षभर न्हाले आणि सोवळ्यात राहिले.

पुढे फारुख इंजिनिअरने केसांना ब्रिलक्रीम लावले, कपिल देवने दाढीचा साबण लावला. आमच्या चाळीतल्या मुलांनीही लावला, परंतु त्यामुळे आपला चेंडू बाहेर वळू लागेल असे त्यांतल्या सर्वांत खुळ्या मुलालाही वाटले नाही. नट पैसे घेऊन बोलतो हे लहानथोर सारे जाणून होते. तो एक तमाशा होता, तिकीट काढून पाहावा तसा. त्यातही लाज सोडणारे असतात. गुटख्याच्या जाहिरातीला बंदी आली तेव्हा त्याच नावाची वेलची आणि पानमसाला पुढे करून मोठमोठे नट उभे राहिलेच. २०२२ च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमारने अशा एका जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागून अंग काढून घेतले. पण निदान तिथेही, हा नट आणि ही जाहिरात, एवढे स्पष्ट होते.

खरा पेच नटांपाशी नाहीच. तो शेजारणीपाशी आहे.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. अमेरिकेत एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९५५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इलिनॉय राज्यातल्या डेकेटर नावाच्या मध्यम वस्तीच्या गावात सुमारे ८०० स्त्रियांना त्यांनी विचारले होते: तुम्ही वाणसामान कुठले घेता, कपडे कसे निवडता, कुठला चित्रपट पाहता, आणि हे ठरवताना कोणाचे ऐकता? वर्तमानपत्रे आणि आकाशवाणी यांचा पगडा मोठा असेल अशी त्या काळी समजूत होती. निघाले असे की बायका जाहिरातीपेक्षा एकमेकींचे अधिक ऐकतात. प्रत्येक आळीत, प्रत्येक थरात एखादी बाई अशी असते की तिच्या शब्दाला वजन असते. ती श्रीमंत असतेच असे नाही. चार मुलांची आई असते, बाजार पाहिलेली असते, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला काही विकून तिला दमडी मिळायची नसते.

आपल्याकडे हे सांगायला ग्रंथ लागला नसता. डाळ कुठल्या दुकानची शिजते, सोनार घट किती धरतो, मुलीला सांगून आलेल्या स्थळाचे खरे पाणी काय, हे ज्या बाईला विचारायचे ती प्रत्येक वाड्यात ठरलेली असे. तिची पत सोनारापेक्षाही मोठी. एकदा तिने सांगितलेला तांदूळ बोळा निघाला तर जिन्यात तोंड चुकवावे लागे. म्हणून ती जपून बोले.

जाहिरात करणाऱ्यांनी तो ग्रंथ नीट वाचला असावा. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सर्फची ललिताजी आली ती काही उगाच नव्हे. निरमा स्वस्त विकली जात होती. तेव्हा महाग पावडर का घ्यावी हे सांगायला त्यांनी तारका उभी केली नाही. पैशापैशाचा हिशेब करणारी, ठसक्यात बोलणारी, अगदी आपल्या मजल्यावरची वाटावी अशी गृहिणी उभी केली. कविता चौधरींनी ती भूमिका इतकी चोख वठवली की आमच्या सासूबाई तिला ‘शहाणी आहे हो’ म्हणत. शेजारीण बनवता येते हे तेव्हा सिद्ध झाले. पण ती तीस सेकंदांत निघून जाई. आमच्या घरी दूध विरजायला किंवा आजारपणात डोकावायला ती येत नसे.

आताची शेजारीण रोज येते.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोघांनी १९५६ साली एका निबंधात लिहून ठेवले होते की पडद्यावरचा माणूस आपल्याकडे पाहून बोलू लागला की पाहणाऱ्याला त्याच्याशी ओळख झाल्यासारखे वाटते, त्याला मात्र आपला पत्ताही नसतो. एकतर्फी मैत्रीच ती. आम्ही तिचा अनुभव आकाशवाणीच्या काळात घेतला आहे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानी बिनाका गीतमाला सादर करीत. त्यांचा आवाज आला की माझी आई भांडी खाली ठेवून ‘आले’ म्हणे, जणू दारात पाव्हणा आला. कार्यक्रम दंतमंजनवाल्यांचा आहे हे नावातच होते, त्यात फसवाफसवी नव्हती. आठवड्यातून एकदा भेट व्हायची, आणि बाकीचे सहा दिवस आपले शेजारीपाजारी होतेच.

मोबाइलमधल्या माणसाला आपण सकाळच्या चहाबरोबर पाहतो आणि रात्री दिवा मालवल्यावरही पाहतो. त्याचे लग्न, त्याचे घर, त्याच्या मुलाचे बारसे सारे आपल्याला ठाऊक. त्यात त्या यंत्राचा आणखी एक चावटपणा आहे. पूर्वी लोक ज्या क्रमाने टाकत त्या क्रमाने चित्रे दिसत. इन्स्टाग्रामने २०१६ साली तो क्रम मोडून आपण कशावर रेंगाळतो याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. तुम्ही गुडघेदुखीच्या एका चित्रफितीवर अर्धे मिनिट थांबलात, की दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या तेलाचे दहा वैद्य दारात. आपण न बोललेले दुखणे ओळखणारा माणूस आपल्याला जिव्हाळ्याचा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. इथे जिव्हाळा गणिताने पुरवलेला असतो, एवढाच फरक.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. उभा जन्म बँकेत कॅशियरची नोकरी केली. नोट हाताला लागताच खोटी ओळखत, अशी त्यांची ख्याती. गेल्या वर्षी त्यांचे ११ लाख रुपये गेले. शेअरबाजारातून दामदुप्पट नफा करून देतो असे सांगणारी एका बड्या उद्योगपतीची चित्रफीत त्यांना मोबाइलवर दिसली. तिच्यावर बोट ठेवताच ते व्हॉट्सॲपच्या एका गटात जाऊन पडले. तिथे शंभरेक माणसे. सकाळी सुप्रभात, दुपारी बाजारभाव, रात्री कोणाला किती फायदा झाला त्याचे कागद. आधी २० हजार घातले, तर तीन हजार नफा खरोखरच खात्यावर जमा झाला. मग ठेवी मोडल्या. मोबाइलवर आकडा ४० लाखांपर्यंत चढला, आणि तो काढायचा म्हटल्यावर आधी कर भरा असा निरोप आला. तोही त्यांनी भरला.

बायकोला सांगायला त्यांना अकरा दिवस लागले. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केला तर पैसा वाटेत अडवता येतो. अकरा दिवसांत तो कुठल्या कुठे पांगला होता.

हे ऐकल्यावर सगळा जिना त्या उद्योगपतीच्या खोट्या चेहऱ्याविषयी बोलू लागला. असे चेहरे आणि आवाज यंत्रावर हुबेहूब बनवता येतात, हे आता गुपित राहिलेले नाही. २०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरांना स्वतः जाहीर करावे लागले की एका खेळाच्या ॲपची शिफारस करणारी आपली चित्रफीत बनावट आहे, आणि मुंबई पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला. पण आमच्या शेजाऱ्यांनी मला जे सांगितले ते माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, “वहिनी, त्या उद्योगपतीवर मी विश्वास ठेवलाच नव्हता. म्हटलं, जाहिरातच असणार. पण गटात नाशिकच्या एक शिक्षिका होत्या. त्या रोज विचारायच्या, काका, गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? माझ्या मुलानं विचारलं नाही इतक्या वेळा त्यांनी विचारलं.”

त्या शिक्षिका म्हणजे कुठल्याशा खोलीत बसलेला कोणी भामटा, हे त्यांना पोलिसांनी सांगितले. गटातली ती शंभर माणसेही चार-पाच जणांचीच. चेहरा फक्त दार उघडतो. पाट मांडून बसवते ती शेजारीण. ते गृहस्थ हल्ली जिन्यात कोणाशी बोलत नाहीत. खऱ्या शेजाऱ्यांशीसुद्धा.

कायद्याने हात टेकले आहेत असे कोणी समजू नये. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर बंधन घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ सालचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मालाची भलामण करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड ठेवला. पुन्हा तसेच केले तर ५० लाख, शिवाय पहिल्यांदा एक वर्ष आणि पुढे तीन वर्षांपर्यंत भलामण करायला बंदी. मालाची योग्य ती चौकशी केली होती एवढे त्याने दाखवले तर सुटका. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असल्या जाहिरातींना नामांकित व्यक्ती आणि समाजमाध्यमांवरचे लोकही तितकेच जबाबदार आहेत असे बजावले. मला सर्वांत आवडले ते सरकारने २०२३ च्या जानेवारीत काढलेले सूचनापत्र. पैसे, फुकटचा माल, सहल, काहीही मिळाले असेल तर ते सांगा, ज्या भाषेत भलामण करता त्याच भाषेत सांगा, चित्रफितीत बोलूनही सांगा आणि लिहूनही दाखवा, आणि वस्तू स्वतः वापरून पाहिलेली असावी. इतके सरळ लिहिलेले सरकारी कागद कमी.

अंमलबजावणीचे म्हणाल तर ‘जाहिरात’ हा शब्द बहुधा इंग्रजीत, शेवटून तिसऱ्या ओळीत, दहा खुणांच्या मध्ये दडवलेला असतो. भिंग घेऊन शोधावा.

आता माझ्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पुण्यात नोकरी करते आणि फावल्या वेळात डब्यांच्या पाककृतींच्या चित्रफिती काढते. पोळीचा रोल, मुगाचे धिरडे, मुलांना न कळेल असा लपवलेला पालक. ४० हजार माणसे तिला पाहतात, त्यांत बहुतेक शाळकरी मुलांच्या आया. तिच्या सांगण्यावरून मी स्वतः लोखंडी तवा घेतला आणि तो उत्तम निघाला. तिला त्यात छदाम मिळाला नव्हता.

श्रावणात ती एक पार्सल घेऊन आमच्याकडे आली. मुलांची भूक आणि उंची वाढवणारे कसलेसे चूर्ण. एका चित्रफितीचे २५ हजार रुपये, आणि तिच्या नावाची खूण सांगून जो मागवील त्याच्या खरेदीवर वर आणखी दलाली. २५ हजार म्हणजे तिच्या महिन्याच्या पगारात काही फारसे कमी नव्हते, आणि बहिणीकडे घराचा हप्ता थकलेला. कंपनीने काय बोलायचे ते लिहूनच दिले होते. ‘माझ्या भाच्याला आम्ही हे रोज देतो’ असे त्यात होते.

“मावशी, चिंटूला एक तासभर देशील का? नुसता पेला तोंडाला लावायचा. प्यायचंसुद्धा नाही.”

चिंटू म्हणजे आमचा नातू. तो तयारच होता. त्याला वाटले पडद्यावर येणार. सूनबाई माझ्याकडे पाहू लागली आणि मी चूर्णाच्या डब्याकडे. त्यावर उंचीचा दावा ठळक होता आणि त्याला आधार काय हे कुठेच नव्हते. मुलांच्या शरीराची वाढ किंवा बुद्धी अमुक वस्तूने वाढते असे योग्य पुराव्यावाचून जाहिरातीत सांगू नये, असा नियम २०२२ पासून आहे. मी तो तिला वाचून दाखवला.

“सगळ्याच करतात गं,” ती म्हणाली. “आणि मी नाही केलं तर त्या मुलांची उंची वाचणार आहे का?”

याला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. नियम वाचून कोणाचा हप्ता भरला जात नाही. मी तिला एवढेच विचारले की तुला विचारून डबा भरणाऱ्या ज्या आया आहेत, त्यांतली एखादी उद्या जिन्यात भेटली तर काय सांगशील? ती म्हणाली, मावशी, त्या जिन्यात भेटत नाहीत, तीच तर गंमत आहे. हे उत्तर मला फार खरे वाटले. वाड्यातल्या त्या जुन्या शेजारणीला जो धाक होता तो हिला नाही. हिला पाहणाऱ्या आया गोंदियाला आहेत, दुबईला आहेत, चूर्ण बोळे निघाले तर त्या फार तर बोट वर सरकवतील.

पोर रात्रभर राहिली. सकाळी कंपनीला तिने लिहिले की मी महिनाभर चूर्ण घरच्या मुलाला देऊन पाहीन, आधी आमच्या डॉक्टरांना दाखवीन, आणि चित्रफितीच्या सुरुवातीलाच ‘ही जाहिरात आहे’ असे मराठीतून तोंडाने सांगेन. मला तिचा अभिमान वाटला, आणि यांनी तर तिच्या हातावर देवळातला पेढाच ठेवला.

दोन तासांत उत्तर आले. महिनाभरात हंगाम निघून जाईल, तेव्हा आभारी आहोत, डबा आमच्याकडून भेट समजा.

नवरात्रात तीच ओळ, तोच पेला, दुसरी मुलगी. भाचा म्हणून कोणाचे पोर आणले होते कोण जाणे, पण गोड होते. परवा चकल्यांची भाजणी न्यायला भाची आली, तेव्हा सूनबाईने तिला ती चित्रफीत दाखवली. तिने ती पाहिलेली होती. खाली लोकांनी काय लिहिले आहे ते ती बराच वेळ वाचत बसली. किती ग्रॅमचा डबा, दुधात द्यावा का, तीन वर्षांच्या मुलाला चालेल का, असे आयांनी विचारले होते.

“दोन लाख जणांनी पाहिलंय,” ती म्हणाली. मग त्या तीन वर्षांच्या मुलाच्या आईला तिने आपल्या नावाने उत्तर लिहिले, की ताई, आधी डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळपर्यंत ते उत्तर तिथून काढून टाकलेले होते.